वरच्याची सासू

त्याला गावात सगळे 'वरचा' म्हणायचे. कौलं घालणं, फुटकी बदलणं, कुजलेले वासे काढून नवे बसवणं हे त्याचं काम, त्यामुळे दिवसाउजेडी तो बहुधा कुणाच्या ना कुणाच्या घरावरच असायचा. खालून जाणारा मान वर करून विचारायचा, "काय वरच्या, आज इथं का?" आणि तो तोंडातले खिळे हातात घेऊन "हो, आज इथं" एवढंच म्हणायचा. कुणी अडचणीत सापडला आणि "आता वरचाच बघेल" म्हणाला, की शेजारचा हटकून विचारायचा, "कुठला? आपला की तो?" विनोद इतका जुना झाला होता की त्याला हसायचं कुणी नाही, पण विचारल्याशिवाय राहायचंही कुणी नाही.

तो मूळचा इथला नव्हता. शाळेचं छप्पर घालायला आलेल्या टोळीबरोबर तरुणपणी आला. ज्या घरात त्या टोळीच्या जेवणाची सोय होती, तिथल्या मुलीशी त्याचं जमलं. छप्पर पुरं झालं, टोळी गेली, हा राहिला. मुलगी एकुलती एक, तिचे वडील ती लहान असतानाच वारलेले, घर आईचं. म्हणजे तो सरळसरळ घरजावई झाला. सासूबाई त्याला पहिल्या दिवसापासून 'जावईबापू' म्हणायच्या आणि 'अहो-जाहो' करायच्या, पण ते अशा काही सुरात की त्यापेक्षा कुणी शिवी दिलेली परवडली असती.

"जावईबापू, पाय पुसून आत आलात तर तुमची उंची कमी व्हायची नाही."

"जावईबापू, जगाची छपरं झाली असतील तर आपल्या न्हाणीघरावरही एक नजर टाका. काल मी छत्री धरून आंघोळ केली."

तो हसायचा आणि न्हाणीघरावर चढायचा. बायको आतल्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली असायची. तिथूनच ती दोघांना म्हणायची, "झालं का तुमचं?" अशी वर्षं गेली. मुलगा झाला, मोठा झाला, परगावी नोकरीला लागला. सासूबाई म्हाताऱ्या झाल्या, पण जीभ काही म्हातारी झाली नाही.

गावाच्या टोकाला जरा उंचावर जुनं दगडी चर्च होतं. त्याच्या छपराला उत्तरेच्या कोपऱ्यात एक फट होती. फट कसली, माणूस खांद्यापर्यंत आत जाईल एवढं भगदाडच. ते पडलेलं नव्हतं, पहिल्यापासून ठेवलेलं होतं. गोष्ट अशी सांगायचे की चर्च बांधलं तेव्हा छप्पर घालणारा कारागीर शेवटची ओळ लावता लावता तिथून खाली आला आणि जागच्या जागी गेला. काम हातातलं राहिलं म्हणून त्याचा जीव अडकला. तेव्हापासून तो त्या वाटेनं ये-जा करतो. जो ती वाट बुजवेल त्याला तो बरोबर घेऊन जातो, आणि बुजवणारा पुढचा पावसाळा बघत नाही.

फटीखाली एक दगडी डोण ठेवलेली होती. पावसाचं पाणी तिच्यात साठायचं. मूल खोकायला लागलं की गावातल्या बायका आधी त्या पाण्याचा एक घोट द्यायच्या आणि मग डॉक्टरकडे न्यायच्या. मूल बरं झालं की नाव पाण्याचं व्हायचं, नाही झालं की डॉक्टरचं. डोणीला लागून असलेल्या बाकावर कुणी बसत नसे. उपासनेला कितीही गर्दी झाली तरी लोक भिंतीला टेकून उभे राहतील, पण त्या बाकावर नाही.

या गोष्टीचा सगळ्यात जवळचा पुरावा वरच्याच्या घरातच होता. त्याचे सासरेही छपराचंच काम करायचे. ऐन तरुण वयात तापानं आठवडाभरात गेले. गाव म्हणायचं, त्यांनी फटीला हात लावला होता. सासूबाईंना कुणी विचारलं तर त्या एवढंच सांगायच्या, "हात लावला की नाही ते मला ठाऊक नाही. शिडी त्या कोपऱ्याला लावलेली मी पाहिली होती." मग समोरच्याला पुढे काही विचारायचा धीर होत नसे.

वरचा स्वतः या गोष्टीकडे परक्या माणसाच्या नजरेनं बघायचा. दरवर्षी पावसाआधी तो चर्चचं छप्पर चाळायचा, म्हणजे सरकलेली कौलं जागेवर बसवायचा, आणि त्या कोपऱ्याशी आला की हात आखडता घ्यायचा. विश्वास होता म्हणून नव्हे. ज्या घरात राहायचं तिथल्या माणसाच्या दुखऱ्या जागेवर कशाला बोट ठेवायचं, म्हणून.

मग पावसाळा संपल्यावर एके रविवारी उपासना चालू असताना वरून हातभर लांबीचा लाकडाचा तुकडा सुटला आणि गाणाऱ्या मुलींच्या रांगेपुढे आपटला. लागलं कुणाला नाही, पण गाणं अर्ध्यावर थांबलं. लोक म्हणाले, तो कारागीर चिडलाय. फादरना मात्र वेगळी काळजी पडली. ते नुकतेच बदलून आले होते, वयानं लहान, स्वभावानं गरीब. त्यांनी आसपासच्या गावांतल्या दोन-चार कारागिरांना बोलावलं. एकाला अचानक पाठदुखी सुरू झाली, दुसऱ्याच्या मेहुण्याचं लग्न निघालं, तिसरा चर्चच्या फाटकापर्यंत आला, वर बघितलं आणि म्हणाला, "हे होय! हे आधी सांगायचं ना." आणि आल्या पावली परत गेला.

शेवटी फादर वरच्याच्या घरी आले. दारातच उभे राहिले.

"मी तुम्हाला काम करा म्हणायला आलो नाही," ते म्हणाले. "तुमच्या घरात काय झालंय ते मला कळलंय. फक्त वर जाऊन बघा आणि मला सांगा, त्या बाजूला लोकांना बसू देऊ की नको."

वरच्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावली. फटीपाशी ओणवा होऊन त्यानं कडेच्या वाशात पटाशी खुपसली, तर ती लोण्यात सुरी जावी तशी मुठीपर्यंत आत गेली. वर्षानुवर्षं तिथून पाणी मुरत होतं. कूज त्या वाशापुरती थांबली नव्हती. ती आडव्या तुळईपर्यंत पोचली होती, आणि त्या तुळईवर छपराची अख्खी उत्तर बाजू तोललेली होती. एक पाऊस काढला असता, फार तर दोन. मग कारागिराच्या भुताला फट लागली नसती, सगळंच आभाळ मोकळं झालं असतं.

खाली उतरून त्यानं फादरना सांगितलं, "कुणाला बसू देऊ नका. आठ दिवस द्या, मी करतो."

"आणि फट?"

"फट ठेवली तर नवं लाकूड पण कुजेल. बुजवायची असेल तर करतो. नाहीतर मी शिडी घेऊन चाललो."

फादरनी वर त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "घरी विचारा."

घरी त्यानं विचारलं नाही. जेवायला बसला आणि मुकाट्यानं जेवू लागला. सासूबाई समोर बसून वाटाणे सोलत होत्या. थोडा वेळ त्यांनी बघितलं.

"जावईबापू, आज मीठ जास्त पडलंय."

"नाही, बरोबर आहे."

"बरोबर नाही, मी घातलंच नाहीये. तुम्हाला कळलं नाही म्हणजे तुमचं डोकं जागेवर नाही. काय कबूल करून आलात त्या पोरसवदा फादरला?"

त्यानं सांगितलं. आतलं शिवणयंत्र थांबलं. बायको दारात येऊन उभी राहिली, हातात कात्री तशीच. सासूबाई मात्र वाटाणे सोलत राहिल्या.

"माझा नवरा गेला तेव्हा ही एवढीशी होती," त्या म्हणाल्या. "आता हिलाही तेच दाखवायचं ठरवलंय का तुम्ही?"

"आई, त्यांना ताप आला होता," तो म्हणाला.

"आला होता ना. कुणाच्या बोलावण्यावरून आला, ते तुम्हाला माहीत?"

"आई, लाकूड कुजलंय. रविवारी पोरी बसतात त्याच्याखाली."

"दुसऱ्या कुणाला सांगा."

"सगळ्यांना सांगून झालं. आता मीच उरलोय."

बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही ठरवलंय ना? मग विचारता कशाला?" तो म्हणाला की मी विचारलंच नाहीये, आणि ते खरंच होतं, म्हणून ती आणखी चिडली. त्या आठवड्यात घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. सासूबाई बोलत होत्या, पण त्या भिंतीशी बोलत होत्या आणि भिंतीलाही जावईबापू म्हणत होत्या.

तुळई बदलायला सुतार मदतीला आला. तो वरच्याचा जुना दोस्त. गावातली दारं-खिडक्या, पलंग आणि शवपेट्या, सगळं त्याच्याच हातचं. आत, जमिनीवरून करायचं सगळं काम त्यानं केलं, पण छपरावर पाय ठेवायला नाही म्हणाला. "गड्या, तुझ्यासाठी जीव देईन," तो म्हणाला, "पण असा नाही."

शेवटच्या दिवशी दुपारी अख्खं गाव चर्चच्या आवारात जमलं. कामं टाकून आले होते लोक. पोरांना कडेवर घेऊन आले होते. वरचा कौलांखालची एकेक लाकडी रीप ठोकत गेला, एकेक कौल लावत गेला. फट लहान होत होत शेवटी एका कौलाएवढी राहिली. ते शेवटचं कौल त्यानं हातात घेतलं आणि, कसं कोण जाणे, त्याचा हात थांबला. त्यानं त्या भोकातून खाली पाहिलं. डोणीपाशी, त्या बाकाला हात टेकवून, सासूबाई एकट्या उभ्या होत्या आणि मान पार मागे टाकून वर बघत होत्या. त्या आत कधी आल्या, त्याला कळलं नव्हतं. दोघांची नजरानजर झाली.

"काय, अडकलात?" त्या खालून म्हणाल्या. "ठेवा ना ते कौल. मान मोडली माझी."

त्यानं ठेवलं.

त्यानंतरचं वर्ष वरच्याला आयुष्यभर पुरलं. गावानं त्याला वाळीत टाकलं नाही, उलट जीव लावला, आणि तेच जास्त अवघड होतं. कुणाकुणाकडे कधीच्या काळी दिलेली त्याची हत्यारं एका आठवड्यात परत आली. करवत, पटाशी, एक तर अशी हातोडी, जी हरवली म्हणून त्यानं नवी घेतली होती. ज्यांच्याशी त्याचं भांडण होतं ते रस्त्यात थांबून म्हणायचे, "झालं गेलं विसरून जा बरं का." त्यांना कोणतं झालं-गेलं म्हणायचंय, हे त्याला आठवायचंही नाही. बायकोकडे शिवायला कपडे घेऊन येणाऱ्या बायका माप देता देता तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. सुतार रस्त्यानं बरोबर चालताना एक पाऊल मागे राहायचा आणि त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघायचा. वरच्यानं एकदा वळून विचारलं, "मापं घेतोस काय रे?" सुतार लाजला आणि विषय बदलला.

एकदा पाववाल्याच्या आईनं त्याला दुकानात बाजूला बोलावलं. तिची धाकटी मुलगी लहानपणीच आजारानं गेली होती, त्याला जमाना झाला होता. म्हातारीनं इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "तू रागावणार नाहीस ना? तिकडे गेलास की माझ्या धाकटीला सांग, तिची निळी पेटी मी कुणाला दिलेली नाही. जाताना तिनं तेवढंच बजावलं होतं."

वरच्याला हसावं की रडावं ते कळेना. "सांगतो," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार! ही बातमी फुटली आणि मग आणखी दोघं-तिघं आले. कुणाला वडिलांची माफी मागायची होती. कुणाला नवऱ्याला सांगायचं होतं की पोरगा मार्गी लागला. तो सगळ्यांना सांगतो म्हणायचा.

हे सगळं सहन झालं असतं, पण हळूहळू काम यायचं थांबलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. "पुढच्या महिन्यात बघू." "यंदा राहू दे, गळत नाही एवढं." खरं कारण सरळ होतं. त्याला कुठूनतरी पडायचंच होतं, आणि तो आपल्या घरावरून पडावा असं कुणाला वाटत नव्हतं. दिवसभर घरात बसून त्यानं न्हाणीघर तीनदा शाकारलं. बायको यंत्र चालवायची आणि तो दारात बसून रस्ता बघायचा. तेव्हाच त्याला पहिल्यांदा सकाळचा खोकला यायला लागला. आधीही येत असेल, पण आता तो ऐकू यायला लागला. खोकून झालं की तो छातीवर हात ठेवून थोडा वेळ तसाच बसायचा, आणि कुणी बघत नाही ना ते बघायचा.

सासूबाईंनी हे पाहिलं की नाही कोण जाणे. एके सकाळी त्या साडी नीट करून, काठी घेऊन बाहेर पडल्या आणि दारोदार फिरल्या. त्या काय बोलल्या ते पाववाल्यानं नंतर सांगितलं.

"तुझ्या भट्टीवरचं छप्पर गळतंय. पाव ओले होतात, सगळं गाव नाव ठेवतं. कामाला लाव आमच्या जावयाला."

"काकी, तसं नाही. उगाच काही झालं तर..."

"मी खाली बसेन. माझ्यादेखत एकदा गेलाय एक. दुसरा नाही जायचा. त्या मेल्याला मी ओळखते आता."

मेला म्हणजे तो कारागीर. त्याला इतक्या घरगुती आवाजात मेला म्हणणारं माणूस गावानं पहिल्यांदाच पाहिलं. या म्हातारीला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

तेव्हापासून वरचा जिथे कामाला जाईल तिथे सासूबाई जायच्या. तो खांद्यावर शिडी घ्यायचा, दुसऱ्या हातात त्यांची वेताची खुर्ची. शिडी लावली की तिच्या पायथ्याशी खुर्ची, खुर्चीवर सासूबाई, आणि त्यांचा एक हात शिडीच्या पायरीवर. त्या हातानं शिडी तर सोडाच, भरलेला तांब्याही धरवत नव्हता. पण हात तिथून हलायचा नाही. तोंड तर त्याहून नाही.

"जावईबापू, ते कौल वाकडं बसलंय."

"तुम्हाला खालून काय दिसतंय, आई?"

"वाकडं दिसतंय."

तो बघायचा, तर कधी कधी खरंच वाकडं असायचं. कधी कधी नसायचं, तरी तो एकदा उचलून परत ठेवायचा. जेवायच्या सुट्टीत दोघं सावलीत बसायची. सासूबाई सासऱ्यांविषयी बोलायच्या, जे त्या घरात कधी बोलल्या नव्हत्या. ते छपरावर गाणी म्हणायचे. त्यांना उंचीची भीती वाटायची, आणि ते बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. चढताना त्यांचे हात ओले व्हायचे. "म्हणून गायचे," त्या म्हणाल्या. "गाणं थांबलं की मी समजायची, घाबरलेत." नंतर वर गेल्यावर वरच्यानं हलकेच शीळ घालून पाहिली. खालून लगेच आवाज आला, "तुम्ही नका गाऊ. कौलं तडकतील."

उन्हाळा सरत आला. आभाळात ढग दिसायला लागले तसे गावातले लोक बोटांवर दिवस मोजू लागले. तोंडानं कुणी बोलत नव्हतं, पण वरचा दिसला की आधी आभाळाकडे बघायचे, मग त्याच्याकडे.

पाववाल्याच्या भट्टीचं काम सगळ्यात शेवटी निघालं. सकाळची वेळ, भट्टी निवलेली, खाली ताज्या पावांचा वास. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. पाववाल्याच्या आईनं आणून दिलेला चहा त्यांनी घेतला आणि पातळ झालाय म्हणून सांगितलं. वरचा पलीकडच्या उतारावर गेला, तिथल्या रिपा काढू लागला. काम करता करता तो म्हणाला, "आई, इथलं लाकूड चांगलं निघालं. बदलायला नको."

खालून काही आलं नाही.

"आई? म्हटलं चांगलं निघालं."

त्या बाईनं आजवर त्याचं एकही वाक्य उत्तराशिवाय सोडलेलं नव्हतं. त्यानं पटाशी तिथेच टाकली. छपराच्या कण्यावरून पलीकडे आला, शिडीवरून कसा उतरला ते त्याला आठवत नाही. सासूबाई खुर्चीतच होत्या. मान जराशी कलंडलेली, डोळे मिटलेले, हात शिडीच्या पायरीवर. चेहऱ्यावर काही त्रास झाल्याची खूण नव्हती. त्यानं त्यांच्या नाकाशी हात धरला. मग त्यांचा तो पायरीवरचा हात दोन्ही हातांत घेऊन तो जमिनीवर बसून राहिला. पाववाला बाहेर आला, त्याची आई आली, रस्त्यावरचे आले. कुणीतरी बायकोला बोलवायला धावलं.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थकलं होतं, झोपेत जावं तशा गेल्या. मुलगा परगावाहून आला. सुतारानं पेटी केली. दफन झाल्यावर तो वरच्याजवळ येऊन बसला. बराच वेळ चुळबुळ करून म्हणाला, "तुला सांगू नये, पण सांगतो. चांगलं लाकूड बाजूला काढून ठेवलं होतं मी. तुझ्यासाठी. तेच वापरलं. फार लांब झालं, कापावं लागलं."

वरच्यानं त्याच्याकडे पाहिलं. "बरं केलंस," तो म्हणाला, आणि मग त्या दिवसात पहिल्यांदाच त्याचे डोळे भरून आले.

चारच दिवसांनी पाऊस आला. दुपारी सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत पडत राहिला. लोक छत्र्या घेऊन चर्चमध्ये जमले. उत्तरेच्या कोपऱ्यात एक थेंबही नव्हता. वरचा ओला होऊन आला, कोपऱ्यात उभा राहून त्यानं वर बघितलं, भिंतीवर हात फिरवून ओल नाही ना ते पाहिलं आणि घरी गेला. तो जिवंत होता आणि पावसाळा लागला होता.

गावाची मात्र पंचाईत झाली. एवढी जुनी गोष्ट, ती खोटी कशी म्हणायची? पण गाव हुशार. पाऊस थांबायच्या आत गोष्टीला नवा शेवट जोडला गेला. कारागीर आला होता, वरच्याला न्यायलाच आला होता. पण शिडीच्या पायथ्याशी म्हातारी बसलेली. ती म्हणाली, हा नाही, मी येते. आणि त्याला घेऊन गेली. कुणी म्हणे, तिनं त्याला दोन शब्द सुनावले आणि तो मुकाट्यानं तिच्यामागून गेला, आणि हे तर ज्यांनी सासूबाईंना पाहिलं होतं त्यांना लगेच पटलं. पुढे पुढे तो बाक सुद्धा पावन झाला. तिथं बसलं की आयुष्य वाढतं म्हणून लोक उपासनेला लवकर येऊन जागा धरायला लागले. डोण कोरडी पडल्यामुळे बायका नाराज होत्या, तेव्हा फादरनी ती बाहेर पन्हळीखाली नेऊन ठेवली. मुलं पहिल्यासारखीच खोकत राहिली आणि पहिल्यासारखीच बरी होत राहिली.

वरचा ही गोष्ट ऐकली की चिडायचा. "म्हातारं माणूस होतं, गेलं. कुणी कुणाच्या बदल्यात जात नसतं," असं तो भर रस्त्यात सांगायचा. लोक मान डोलवायचे आणि तो पुढे गेला की गोष्ट जिथे थांबली होती तिथून चालू करायचे. कामं पुन्हा आली, पहिल्याहून जास्त आली. ज्यांनी निरोप दिले होते ते मात्र त्याला बघून ओशाळे व्हायचे. पाववाल्याच्या आईनं तेवढं स्पष्ट विचारलं, "माझा निरोप?" तो म्हणाला, "आईंना माहीत होता. त्या तुमच्याच दारातून गेल्या ना, निरोप घेऊनच." म्हातारीचं समाधान झालं.

घरात मात्र हा वाद मिटला नाही. बायको गावाच्या बाजूनं होती. एका दुपारी ती शिवताना, तो दारात बसलेला असताना, पुन्हा तेच निघालं.

"आईनं तुमच्यासाठी केलं ते मानायला काय जातं तुमचं?" ती म्हणाली.

"केलं ते मानतोच. रोज येऊन बसायच्या, उन्हातान्हाचं. पण मेल्या त्या म्हातारपणानं. ते माझ्या माथी मारू नकोस."

यंत्र थोडा वेळ चाललं, थांबलं.

"एक विचारू? तुम्हाला भीती वाटलीच नाही का हो? वर्षभर?"

तो रस्त्याकडे बघत होता. "वाटली," तो म्हणाला. "सकाळी उठलं की वाटायची. खोकला आला की वाटायची. आई खाली येऊन बसल्या की मग नाही वाटायची."

बायको त्याच्याकडे वळली. "मग हे तिला कधी सांगितलंत?"

"वेडी आहेस का? सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, जावईबापू, मला काय दुसरी कामं नाहीत? आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नसत्या."

बायकोला हसू आलं. तिनं पदरानं डोळे पुसले, सुईत दोरा ओवला आणि यंत्राचं चाक पुन्हा फिरवलं.